घटलेले वजन पुन्हा का वाढते?

नवीन वर्षाचा संकल्प, घरातील लग्नकार्य किंवा रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी दिलेला इशारा, निमित्त कोणतेही असो, आहारनियमनाची कथा बहुधा एकाच मार्गाने जाते. पहिल्या काही आठवड्यांत वजनकाट्यावरील आकडा झपाट्याने खाली येतो. चार-सहा महिन्यांनंतर तो एका जागी थबकतो. पुढे वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांचे वजन हळूहळू पूर्वीच्या आकड्याकडे परतते. अमेरिकेतील २९ दीर्घकालीन अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, घटवलेल्या वजनापैकी निम्म्याहून अधिक वजन दोन वर्षांत आणि ८० टक्क्यांच्या आसपास वजन पाच वर्षांत परत आल्याचे दिसून आले आहे.

या अपयशाचे खापर सर्वसाधारणपणे त्या व्यक्तीच्या जिभेवर आणि इच्छाशक्तीवर फोडले जाते. गेल्या आठ दशकांतील संशोधनाने मात्र निराळे चित्र पुढे आणले आहे. वजन घटू लागताच मानवी शरीर त्यास उपासमार समजते आणि गमावलेला साठा भरून काढण्यासाठी भूक, ऊर्जेचा खर्च व मेदपेशी या तिन्ही आघाड्यांवर प्रतिकार सुरू करते.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहिलेला नाही. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वर्षे वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजन किंवा स्थूल गटात मोडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. त्यामुळे वजन का परतते, हे समजून घेणे कोट्यवधी कुटुंबांसाठी महत्त्वाचे ठरते.

गणित कोठे चुकते?

एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठवलेले असतात. त्यावरून रोजच्या आहारात ५०० उष्मांकांची कपात केल्यास साधारणतः १५ दिवसांत एक किलो आणि वर्षभरात २३-२४ किलो वजन कमी होईल, असा हिशेब मांडला जातो. अनेक आहारयोजनांची आश्वासने याच हिशेबावर उभी असतात. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

पहिल्या आठवड्यातील घट बव्हंशी पाण्याची असते. यकृत व स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपाने काही शे ग्रॅम साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार कमी होताच प्रथम हा साठा रिकामा होतो. दोन-तीन किलो वजन चटकन उतरते आणि उत्साह वाढतो, परंतु मेद फारसा हललेला नसतो.

त्यानंतरची अडचण अधिक मूलभूत आहे. वजन घटलेल्या शरीराला मुळातच कमी ऊर्जा लागते. घटलेल्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा स्नायू व अन्य मेदविरहित भागाचा असू शकतो आणि विश्रांतीच्या काळातही ऊर्जा वापरणारा हाच भाग असतो. परिणामी, आरंभी जी कपात पुरेशी होती, तीच काही महिन्यांनी समतोल आहार ठरते. काटा थबकतो तो येथे.

मिनेसोटा येथील प्रयोग

शरीराच्या या प्रतिकाराचा पहिला सविस्तर अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस झाला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर हा प्रयोग केला. तत्त्वनिष्ठेपोटी युद्धात भाग घेण्यास नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले होते. युद्धग्रस्त युरोपातील उपाशी जनतेचे पुनर्वसन कसे करावे, हे जाणून घेणे हा त्याचा उद्देश होता.

या तरुणांना २४ आठवडे दररोज सरासरी १,६०० उष्मांकांहून किंचित कमी आहार देण्यात आला. आजच्या अनेक आहारयोजना याहून कडक असतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्यासोबत त्यांना सतत थंडी वाजू लागली, नाडी मंदावली, उत्साह मावळला आणि मनात अन्नाखेरीज दुसरा विचार येईनासा झाला. काही जण पाककृतींची पुस्तके वाचण्यात तासन्‌तास घालवू लागले. निर्बंध उठल्यानंतरही अनेकांना कित्येक आठवडे पोट भरल्याचे समाधान मिळत नव्हते. वजन परत येताना स्नायूंपेक्षा मेद लवकर भरून निघाला आणि काही काळ तो प्रयोगापूर्वीच्या पातळीहूनही वाढला. धडधाकट, निग्रही तरुणांची ही अवस्था पाहता, दोष केवळ मनोबलाचा नसतो, हे १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानेच सूचित केले होते.

भुकेची सूत्रे कोणाच्या हाती?

या प्रतिकारामागील रासायनिक यंत्रणा उलगडण्यास आणखी अर्धे शतक लागले. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधून काढले. लेप्टिन मेदपेशींतून स्रवते आणि शरीरात किती साठा शिल्लक आहे, याची वर्दी मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला देते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे भूक वाढवणारे संप्रेरक ओळखले.

मेद कमी झाला की लेप्टिन घटते आणि मेंदूला साठा संपत आल्याचा संदेश मिळतो. त्याच वेळी घ्रेलिन वाढते, तर जेवणानंतर तृप्तीची जाणीव करून देणारी आतड्यांतील संप्रेरके कमी होतात. हे बदल तात्पुरते असावेत, असा समज होता. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तो दूर केला. त्यांनी ५० स्थूल व अतिवजनी व्यक्तींना दहा आठवडे अतिशय अल्प उष्मांकांचा आहार दिला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांचे वजन सरासरी १३ किलोंहून अधिक घटले. एक वर्षानंतर पुन्हा तपासणी केली असता भुकेची संप्रेरके मूळ पातळीवर आलेली नव्हती आणि सहभागींची भूकही प्रारंभापेक्षा अधिकच होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल यांनी या भुकेचे मोजमाप करण्याचा प्रयत्न केला. मधुमेहावरील एका औषधामुळे लघवीवाटे साखर बाहेर जाते आणि रुग्णाच्या नकळत त्याचे वजन घटते. अशा रुग्णांच्या वर्षभराच्या नोंदींवरून त्यांनी २०१६ मध्ये असा निष्कर्ष काढला की, घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा ऊर्जाखर्च दररोज २० ते ३० उष्मांकांनी कमी होतो, तर भूक सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. म्हणजेच पाच किलो वजन घटवलेल्या व्यक्तीची भूक दिवसाला चार-पाच पोळ्यांइतकी वाढलेली असते आणि शरीराची गरज मात्र एका पोळीने घटलेली असते. ही तफावत रोज, वर्षानुवर्षे, केवळ निर्धाराच्या बळावर सांभाळणे किती कठीण आहे, हे यावरून ध्यानात येते.

शरीराची काटकसर

ऊर्जेचा खर्च अपेक्षेपेक्षा अधिक घटतो, या घटनेस चयापचयाचे अनुकूलन म्हणतात. रुडॉल्फ लायबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, दहा टक्के वजन घटवलेल्या व्यक्तीचा ऊर्जाखर्च केवळ शरीर लहान झाल्यामुळे जितका घटायला हवा, त्याहून अधिक घटतो. थायरॉइड संप्रेरकाचे कार्य मंदावते, स्नायू कमी इंधनात तेच काम करू लागतात आणि नकळत होणारी हालचालही कमी होते.

‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांच्या पाहणीने या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले. स्पर्धेच्या ३० आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ५८ किलोंनी घटले होते. सहा वर्षांनंतर त्यापैकी सुमारे ४१ किलो परत आले होते. तरीही त्यांचा विश्रांतीकालीन ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच होता. हे उदाहरण अर्थातच टोकाचे आहे. वजन स्थिर झाल्यानंतर हे अनुकूलन बरेच सौम्य असते, असे नंतरच्या काही अभ्यासांत आढळले. त्यामुळे वजन परतण्यात वाढलेल्या भुकेचा वाटा मोठा आहे, या मताकडे अनेक तज्ज्ञांचा कल आहे.

मेदपेशींची स्मृती

स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २००८ मध्ये असे दाखवून दिले की, प्रौढ वयात मेदपेशींची संख्या जवळजवळ स्थिर राहते. दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी नष्ट होतात आणि तितक्याच नव्याने तयार होतात. वजन घटल्यावर या पेशी आकाराने लहान होतात, संख्येने कमी होत नाहीत. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्यात भर घातली. वजन घटल्यानंतरही मेदपेशींतील जनुकांच्या नियंत्रणावर पूर्वीच्या स्थूलतेच्या खुणा कायम राहतात, असे त्यात आढळले.

आहार कोणता, हा प्रश्न दुय्यम

कमी स्निग्धांशाचा आहार चांगला की कमी कर्बोदकांचा, हा वाद जुना आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ व्यक्तींवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांचे वजन सरासरी पाच ते सहा किलोंनी घटले आणि त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. प्रत्येक गटात मात्र काहींचे वजन पुष्कळ घटले, तर काहींचे वाढले. याचा अर्थ असा की, जो आहार संबंधित व्यक्तीला दीर्घकाळ निभावता येतो, तोच तिच्यासाठी योग्य होय.

अन्नाच्या प्रतीचे महत्त्व मात्र निर्विवाद आहे. केव्हिन हॉल यांच्या २०१९ मधील प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रिया केलेले पदार्थ हवे तितके खाण्याची मुभा होती. पहिल्या प्रकारच्या आहारात ते दररोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खात असल्याचे आढळले. पावलोपावली असे पदार्थ उपलब्ध असताना वाढलेल्या भुकेवर ताबा ठेवणे अधिकच दुष्कर होते.

भारतीयांसाठी वेगळा विचार

भारतीयांच्या बाबतीत वजनाचा आकडा पूर्ण सत्य सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही, विशेषतः पोटाभोवती, मेद अधिक असू शकतो.

याच कारणास्तव चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ मधील अभ्यास आश्वासक ठरतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांपैकी ज्यांनी केवळ आहार व व्यायामात सुधारणा केली, त्यांच्यात मधुमेहाचा धोका तुलनेने २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात लक्षणीय घट न होता. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

उपाय आणि मर्यादा

तृप्तीच्या संप्रेरकांचे अनुकरण करणारी नवी औषधे भुकेच्या मुळाशीच काम करतात. तिरझेपेटाइड हे औषध भारतात मार्च २०२५ मध्ये, तर वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये बाजारात आले. परंतु सेमाग्लुटाइड बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे चाचण्यांत दिसले आहे. औषध थांबताच शरीराचा मूळ प्रतिकार पुन्हा डोके वर काढतो. त्यामुळे ही औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच आणि दीर्घ उपचाराच्या तयारीने घेणे इष्ट ठरते.

वजन टिकवणारेही आहेत. अमेरिकेत १९९४ पासून अशा व्यक्तींची नोंद ठेवण्यात आली आहे. किमान साडेतेरा किलो वजन घटवून ते वर्षभर टिकवणाऱ्यांचीच नोंद त्यात होते. स्वेच्छेने नोंद केलेल्या या व्यक्तींच्या सवयींत बरेच साम्य आढळते. रोज सुमारे तासभर व्यायाम, नियमित न्याहारी, आठवड्यातून किमान एकदा वजन पाहणे आणि दूरचित्रवाणीसमोर कमी वेळ बसणे, ही त्यांतील प्रमुख सूत्रे होत. पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांमुळे स्नायूंची झीजही रोखता येते.

स्थूलतेकडे रक्तदाबाप्रमाणे दीर्घकाळ सांभाळायची अवस्था म्हणून पाहावे, असा आग्रह तज्ज्ञ धरू लागले आहेत. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला, तर कोणी रुग्णाला आळशी म्हणत नाही. वजन परतलेल्या व्यक्तीलाही तोच न्याय लावला, तर ती लाजेने दवाखाना टाळणार नाही आणि थोडेथोडके कमी झालेले वजन, सुधारलेली साखर व रोजचे चालणे यांचे मोल तिला कळेल.