उचललेली बकेट खाली का येते?



ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेला लोडर आता पुष्कळ गावांत दिसतो. उकिरड्यातले खत ट्रॉलीत भरायचे असो की बांधावर मुरूम टाकायचा असो, दहा माणसांचे काम तो एकटा करतो. पण या लोडरबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. संध्याकाळी बकेट उंच ठेवून ट्रॅक्टर बंद करावा आणि सकाळी पाहावे, तो बकेट जमिनीला टेकलेली! खाली तेलाचा थेंब नाही, लिव्हरला कोणी हात लावलेला नाही. मग बकेट उतरली कशी? याला बिघाड म्हणायचे, की हा यंत्राचा स्वभावच आहे?

याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. त्यात पैशाचा प्रश्न आहे, आणि त्याहून मोठा प्रश्न जिवाचा आहे.

आधी बकेट उचलतो कोण, ते पाहू. इंजिन पंप फिरवते. पंप तेलाला दाब देतो. ते तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरते आणि पिस्टनला ढकलते. कोंडलेल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. सिलिंडर आतून ५ सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटीमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १५० किलो धरला, तर एकटा पिस्टन जवळजवळ ३ टनांचा रेटा देतो. हवे तेवढे उचलून झाले की आपण लिव्हर न्यूट्रलला आणतो, इंजिन बंद करतो. आता बकेटला कोणी धरले आहे? फक्त कोंडलेल्या तेलाने. ते तेल जेवढे निसटेल, तेवढी बकेट उतरेल.

तेल निसटायच्या वाटा तीन. पहिली वाट उघड आहे: फुटका होज पाइप, ढिली जोडणी, किंवा रॉड जिथून बाहेर येतो तिथले झिजलेले सील. ही गळती बाहेर दिसते.

दुसरी वाट पिस्टनवरच्या सीलची. सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर खराब झाला की दट्ट्या दाबूनही हवा मागे निसटते, तसेच हे. या सीलने तर सुरुवातीपासून कारागिरांना छळले आहे. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा गळती हीच मोठी अडचण होती. दाब वाढेल तसतसे आपोआप घट्ट बसणारे चामड्याचे कडे वापरून ती सुटली. त्याचे श्रेय त्याचा कारागीर हेन्री मॉडस्ली याला देतात. आजची रबरी सीले त्याच तत्त्वावर चालतात.

तिसरी वाट कंट्रोल व्हॉल्व्हची, आणि ही फार थोड्यांना ठाऊक असते. व्हॉल्व्हच्या आत स्पूल नावाची एक गोल दांडी पुढेमागे सरकते आणि तेलाच्या वाटा उघडते किंवा बंद करते. आतल्या दोन वाटांच्या मध्ये रबर नसते. लोखंड लोखंडात बसवलेले असते. दांडी सरकायची तर थोडी फट हवीच. ती केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. तेवढ्यातूनही तेल झिरपते आणि टाकीत परत जाते. म्हणून बाहेर थेंब दिसत नाही.

किती झिरपले म्हणजे किती उतरेल? हिशेब करा. ५ सेंटीमीटर व्यासाचे दोन सिलिंडर आहेत. मिनिटाला चहाचा एक चमचा, म्हणजे ५ घन सेंटीमीटर तेल निसटले, तर तासाला ३०० घन सेंटीमीटर झाले. तेवढ्याने पिस्टन सुमारे साडेसात सेंटीमीटर खाली येतो. लोडरच्या लांब हातांमुळे बकेटचे अंतर याच्या चौपट धरले, तर बकेट तासात एक फूट उतरते! तेल तापून पातळ झाले की हा वेग आणखी वाढतो. तात्पर्य, नव्या लोडरची बकेटसुद्धा हळूहळू उतरते. किती उतरणे चालेल, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे. कालपर्यंत रात्रभरात उतरणारी बकेट आज पाच-दहा मिनिटांत उतरू लागली, तर मात्र दोष शोधलाच पाहिजे.

इथेच पैसा वाया जातो. बकेट उतरते म्हटल्याबरोबर पुष्कळ जण सिलिंडरचे सील-किट बदलतात. किट बदलले तरी बकेट उतरतेच! असे का? तर लोडरचे हात उचलणाऱ्या सिलिंडरमध्ये वजन रॉडला आत ढकलत असते. पिस्टनच्या खालचे तेल फाटक्या सीलमधून वर जाऊ पाहते, पण वर तेवढी जागाच नसते. थोडी जागा रॉडने अडवलेली असते. दोन्ही बाहेरच्या वाटा पक्क्या बंद असतील, तर नुसत्या फाटक्या सीलने हात फारसे खाली येत नाहीत. हात उतरत असतील आणि बाहेर गळती नसेल, तर आधी व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. बकेट पुढे कलंडत असेल, तर गोष्ट निराळी. बहुतेक लोडरांत बकेटचे वजन तिथला रॉड बाहेर ओढते. तिथे सील फाटले की तेल पलीकडे जाते, मागे पोकळी राहते आणि बकेट झुकते. मग बकेट ओतायला लिव्हर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, कारण आधी ती पोकळी भरावी लागते. ही खूण ध्यानात ठेवा.

तपासणी अशी करावी. ट्रॅक्टर सपाट जागेवर घ्या. भरलेली बकेट फूट-दीड फूटच उचला. लिव्हर न्यूट्रलला, इंजिन बंद. काठीने जमिनीपासूनची उंची मोजा आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. हात उतरतात की बकेट कलंडते, तेही पाहा. पुढचे काम जाणत्या फिटरचे. तो बकेट जमिनीवर टेकवून दाब काढून टाकील, पिस्टन एका टोकाला नेऊन त्या टोकाचा पाइप सोडील आणि दुसऱ्या बाजूने दाब देईल. सुटलेल्या तोंडातून तेल येतच राहिले तर सील गेले. न आले तर व्हॉल्व्ह पाहावा. झिजलेला स्पूल किटने दुरुस्त होत नाही, व्हॉल्व्हचा तो भागच बदलावा लागतो.

झीज लवकर होऊ नये म्हणून तीन गोष्टी सांभाळा. तेलात धूळ जाऊ देऊ नका. पाइप जोडण्यापूर्वी त्याची तोंडे पुसा. फिल्टर वेळच्या वेळी बदला. आणि रॉडवर ओरखडा किंवा गंज पडू देऊ नका. खरबरीत रॉड नवे सीलसुद्धा खातो.

शिक्षक मित्रांनो, हे वर्गात सहज दाखवता येईल. बिनसुईच्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक लहान व एक मोठी. सलाइनच्या नळीने जोडून पाणी भरा. लहान दट्ट्या दाबून मोठ्यावरचे पुस्तक उचला आणि लहान दट्ट्या तसाच धरून ठेवा. मग नळीला टाचणीने बारीक भोक पाडा. पुस्तक कसे सावकाश उतरते, ते मुलांना पाहू द्या. तेलावर तोललेले वजन टांगलेले नसते, हे मुले मग विसरणार नाहीत.

आता जिवाची गोष्ट. पाइप फुटला तर बकेट सावकाश उतरत नाही, कोसळते. म्हणून उचललेल्या बकेटखाली कोणीही जाऊ नये. वंगण द्यायला नाही, टायर पाहायला नाही, सावलीला तर नाहीच. खाली काम करणे भागच असेल, तर रॉडवर बसणारा कंपनीचा लोखंडी आधार आधी लावावा. विटा किंवा जॅक यांवर भरवसा नको. डंपिंग ट्रॉलीलाही हाच नियम. गळती हाताने चाचपू नका. बारीक चिळकांडी कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत तेल पसरते आणि हात गमवावा लागू शकतो. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधा, आणि तेल टोचलेच तर दुखण्याची वाट न पाहता तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा.

काम संपले की बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर पुढेमागे हलवून उरलेला दाब काढा. जमिनीवर टेकलेली बकेट आणखी कुठे उतरणार? घरातली पोरे अंगणात बिनघोर खेळतील.