अध्यक्षांच्या निवडीतले मत कोणाला दिसावे?

२६ मार्च २०१५ हा ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचा निवडणुकीपूर्वीचा शेवटचा दिवस होता. सभागृहाचे नेते विल्यम हेग यांनी त्या दिवशी नियमबदलाचा प्रस्ताव पुढे केला. निवडणुकीनंतर जुने अध्यक्ष परत निवडून आले, तर त्यांनाच पुढे ठेवायचे की नाही हे तोवर उघडपणे ठरत असे. यापुढे ते गुप्त मतदानाने ठरावे, असा तो प्रस्ताव होता. रोख अध्यक्ष जॉन बर्को यांच्यावर आहे, हे सगळ्यांनी ओळखले. सत्ताधारी बाकांवरचे बरेच जण त्यांच्यावर नाराज होते. कार्यपद्धती समितीचे प्रमुख चार्ल्स वॉकर हे स्वतः सत्ताधारी हुजूर पक्षाचे. आपल्याला अंधारात ठेवून हा डाव रचला गेला, हे सभागृहात सांगताना त्यांचा कंठ दाटून आला. प्रस्ताव २०२ विरुद्ध २२८ मतांनी पडला.

गुप्त मतदानाला त्या सभागृहाचा विरोध नव्हता. उलट बर्को स्वतः त्याच पद्धतीने अध्यक्ष झाले होते. ती पद्धत येण्याआधी, ऑक्टोबर २००० मध्ये, अध्यक्षपदासाठी बारा जण इच्छुक होते. जुन्या रीतीप्रमाणे एकेका नावावर उपसूचना मांडत, मते मोजत मायकेल मार्टिन यांची निवड व्हायला कित्येक तास गेले. त्यानंतर चिठ्ठीची पद्धत आली. उमेदवाराला बारा ते पंधरा सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि त्यांतले किमान तीन दुसऱ्या पक्षाचे किंवा अपक्ष असावे लागतात. मला ही अट फार महत्त्वाची वाटते, कारण केवळ स्वपक्षाच्या जोरावर कोणाला उभेच राहता येत नाही. कोणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत, तर सर्वांत मागे असलेल्याला वगळून पुन्हा मतदान होते. २२ जून २००९ रोजी दहा उमेदवारांतून, तिसऱ्या फेरीत, बर्को ३२२ विरुद्ध २७१ मतांनी निवडून आले. सत्ता मजूर पक्षाची होती आणि बर्को विरोधी हुजूर पक्षाचे होते. २०१९ मध्ये हुजूर पक्ष सत्तेत असताना मजूर पक्षाचे लिंडसे हॉइल निवडले गेले.

कॅनडाने हे आधीच केले होते. तिथे पंतप्रधान नाव सुचवत आणि सभागृह मान डोलावत असे. मॅकग्रा समितीच्या शिफारशीवरून ३० सप्टेंबर १९८६ रोजी पहिले गुप्त मतदान झाले, तेव्हा जॉन फ्रेझर यांची निवड व्हायला अकरा फेऱ्या लागल्या. कोणाला किती मते पडली, हे तिथे जाहीरही करत नाहीत. निवडून आलेल्याला आपले विरोधक कोण हे ठाऊक नसते आणि आपल्याला कोणी, किती जणांनी निवडले, याचेही ओझे त्याच्यावर राहत नाही.

महाराष्ट्रात गाडी उलट्या दिशेने गेली. विधानसभेच्या नियमांत अध्यक्षपदासाठी गुप्त मतदानाचीच तरतूद होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्ष नाना पटोले यांनी राजीनामा दिला आणि खुर्ची रिकामी झाली. डिसेंबरच्या अधिवेशनात महाविकास आघाडी सरकारने नियम बदलून उघड मतदान आणले. मते फुटण्याची धास्ती हे त्याचे कारण. तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्या दुरुस्तीवर आक्षेप घेत निवडणुकीची तारीख दिली नाही. धास्ती अनाठायी नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. २० जून २०२२ रोजी विधान परिषदेच्या निवडणुकीत, म्हणजे गुप्त मतदानात, आघाडीची मते फुटली आणि त्याच रात्री शिवसेनेचे एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेकडे निघाले.

या बंडातून शिंदे यांचे नवे सरकार आले आणि ३ जुलैला अध्यक्षांची निवडणूक झाली, ती त्याच नव्या, उघड पद्धतीने. सदस्य एकेक करून उभे राहिले, शिरगणती झाली आणि राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. शिवसेनेच्या दोन्ही गटांनी त्या मतदानासाठी व्हिप काढले होते. एका गटाचा व्हिप डावलून मत दिल्याबद्दल ३९ आमदारांना अपात्र ठरवा, अशी मागणी झाली. राज्यघटनेच्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या, परिशिष्टानुसार या मागणीचा निवाडा अध्यक्षांनीच करायचा असतो. त्यामुळे ज्या मतांनी नार्वेकर खुर्चीत बसले, त्या मतांचा वाद त्यांच्याच पुढ्यात येऊन पडला. १० जानेवारी २०२४ रोजी त्यांनी कोणालाही अपात्र ठरवले नाही. निकाल बरोबर की चूक, यावर वाद आहेतच. पण खुर्चीवर कोणीही असते, तरी हा पेच सुटला नसता, कारण तो मतदानाच्या पद्धतीतच होता. चिठ्ठीने मतदान झाले असते, तर निदान या मतांवरून कोणाला अपात्रतेची नोटीस काढता आली नसती.

गुप्ततेमुळे घोडेबाजार वाढतो, हा आक्षेप खरा आहे. याच कारणाने २००३ मध्ये राज्यसभा निवडणूक उघड मतदानाची झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. कायदा करताना, सरकार तारताना किंवा पाडताना आमदाराचे मत मतदाराला दिसलेच पाहिजे, यात मला तिळमात्र शंका नाही. अध्यक्षाची निवड मात्र वेगळी आहे. उद्या ज्याच्यासमोर बोलायची परवानगी मागायची आणि ज्याने आपल्या सदस्यत्वाचा फैसला करायचा, त्याला पक्षाच्या धाकाखाली उघडपणे नाकारायला किती आमदार धजावतील? लोकसभेत तर चिठ्ठीची सोयच नाही. तिथे अध्यक्षांची निवड प्रस्तावावर, बहुधा आवाजी मतदानाने होते. जून २०२४ मध्ये ओम बिर्ला पुन्हा निवडले गेले तेही तसेच.

९ डिसेंबर २०२४ रोजी नार्वेकर बिनविरोध पुन्हा अध्यक्ष झाले, त्यामुळे पद्धतीचा प्रश्न चर्चेला आलाच नाही. तो आत्ताच, खुर्ची भरलेली असताना, विधानसभेने हाती घ्यावा. गुप्त मतदान परत आणावे, दुसऱ्या पक्षाच्या तीन अनुमोदकांची अट जोडावी आणि बदल पुढच्या विधानसभेपासून लागू करावा. त्या सभागृहात बहुमत कोणाचे असेल, हे आज कोणालाच सांगता येत नाही.