लताबाईंची उणी गाणी

लता मंगेशकर यांची सर्वांत चांगली गाणी कोणती, यावर रसिकांचे फारसे भांडण होत नाही. अनिल विश्वास, सी. रामचंद्र, मदन मोहन, सलील चौधरी, रोशन अशी नावे निघतात, प्रत्येक जण आपली दहा-वीस गाणी पुढे करतो आणि मैफल सुखाने उठते. वाद पेटतो तो उण्या गाण्यांवरून. कोणी म्हणतो, १९७५ नंतर आवाज टोकदार झाला. कोणी नव्वदच्या दशकातला कंप काढतो. कोणी अगदी उलट टोकाला जाऊन १९४८ च्या आधीची गाणी बाजूला सारतो. आणि लताबाईंचे एकही गाणे उणे नाही, असे निक्षून सांगणारा एक तरी रसिक प्रत्येक मैफलीत असतोच. या वादात भक्ती आणि जाणकारी दोन्ही पणाला लागतात, म्हणून तो मनापासून होतो. मात्र गाणे ‘उणे’ म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळी गोष्ट असते. एकाला चाल खटकते, दुसऱ्याला पट्टी, तिसऱ्याला गळा, तर चौथ्याच्या कानावर मुळात बिघडलेली प्रत पडलेली असते. हे चार धागे सोडवले की वादाचा बराचसा गुंता सुटतो.

आधी पसारा लक्षात घ्यायला हवा. १९७४ च्या गिनेस बुकाने लताबाईंच्या नावावर २५ हजार गाणी लावली होती. महंमद रफी यांनी त्यावर हरकत घेतली आणि पुढे ती नोंद वगळली गेली. ज्यांनी चिकाटीने मोजदाद केली, त्यांच्या हिशेबात लताबाईंची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या थोडी पुढे जातात. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी हिंदी चित्रपट गीतकोशाचे दशकवार खंड सिद्ध केल्यापासून ‘हे गाणे कधीचे’ हा प्रश्न आठवणीवर सोडावा लागत नाही. पाच हजार हा आकडाही छातीवर दडपण आणणारा आहे. पन्नास-साठच्या दशकांत ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब असे स्टुडिओ गाठत गाणी होत. गायिका, वादक, कोरस सगळे एकाच वेळी वाजत-गात. कुठे कोणाची चूक झाली तर गाणे पहिल्यापासून. इतक्या कामात सगळेच सोने निघेल, ही अपेक्षा कोणत्याही कलावंतावर अन्याय करणारी आहे.

सुरुवातीच्या गाण्यांवरचा आक्षेप सर्वांत जुना आहे. १९४२ च्या ‘पहिली मंगळागौर’पासून १९४८ च्या ‘मजबूर’पर्यंतच्या लताबाईंच्या गाण्यांवर नूरजहाँची सावली आहे. शब्द फेकण्याची लकब, स्वरावर दिलेला दाब, थोडी नाकातली आस या गोष्टी लपत नाहीत. त्याच सुमारास ‘फिल्मिस्तान’चे शशधर मुखर्जी यांनी हा आवाज फार पातळ आहे म्हणून नाकारला आणि मास्टर गुलाम हैदर यांनी हट्टाने ‘मजबूर’मध्ये तिला गायला लावले, हा इतिहास प्रसिद्ध आहे. १९४९ मध्ये ‘महल’, ‘अंदाज’ आणि ‘बरसात’ आले आणि ज्याला पातळ म्हटले तोच आवाज पुढच्या गायिकांचा मानदंड झाला. म्हणून १९४८ पूर्वीच्या गाण्यांना कमकुवत म्हणणे पटत नाही. ती शिकाऊ वयातली गाणी आहेत, आणि विशीच्या आतली मुलगी आपला आवाज कसा शोधते ते त्यांत ऐकता येते.

खरा वजनदार आक्षेप पट्टीचा आहे. तो प्रथम ठामपणे मांडणाऱ्यांत कुमार गंधर्व होते. लताबाईंवरच्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात त्यांनी गाण्यातल्या ‘गाणेपणा’चे श्रेय त्यांना दिले आणि चित्रपटसंगीतातल्या गायिकांत त्यांना तोड नाही असे सांगितले. त्याच लेखात त्यांनी दोन उणिवाही नोंदवल्या. लताने करुण रसाला तितका न्याय दिलेला नाही, ही पहिली. संगीत दिग्दर्शक गरज नसताना तिला उंच पट्टीत गायला लावतात, ही दुसरी. पहिल्या मुद्द्यावर आजही मतभेद होतात, आणि मदन मोहन यांची गाणी ऐकलेल्यांना तो सहज मान्य होणार नाही. दुसरा मुद्दा मात्र काळाने अधिकाधिक खरा ठरवला. अपार प्रेम आणि नेमका दोष एकाच लेखात मावतात, हे कुमारांनी दाखवून दिले. ‘दोष काढणारा तो शत्रू’ असे मानणाऱ्या रसिकांनी तो लेख पुन्हा वाचावा.

पट्टीचे हे प्रकरण पेटीवर बोट ठेवून समजून घेता येते. पुरुष गायक साधारणपणे काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास षड्ज धरतो, स्त्री काळी चार-पाचच्या आसपास. दोघांचे युगुलगीत आले की कोणा एकाला आपली जागा सोडावी लागते. पुरुषाच्या पट्टीत गाणारी स्त्री एक तर फार खाली घुमते किंवा वरच्या सप्तकात चढते, आणि चित्रपटसंगीताने तिला बहुतेक वेळा वरच चढवले. ‘जंगली’ (१९६१) मध्ये शंकर-जयकिशन यांनी रफींसाठी बांधलेली एक चाल लताबाईंनीही गायली आणि पट्टी रफींचीच राहिली. तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेल्या त्या गळ्याने हे ओझे असे पेलले की ऐकणाऱ्याला ओझे आहे हे कळूही नये. घोटाळा इथूनच सुरू झाला. ती वर जाऊ शकते, म्हणून तिला वर न्यायची सवय लागली.

लताबाईंची सर्वाधिक गाणी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडची आहेत, आणि ‘उणी’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते त्यांतलीही पुष्कळ त्यांच्याचकडची, ऐंशीच्या दशकातली. मोठा वाद्यमेळ, ढोलकचा ठेका, व्हायोलिनचा ताफा आणि या सगळ्यावर ऐकू यावे म्हणून तार सप्तकात ठेवलेला आवाज. त्या उंचीवर शब्दाला अंग राहत नाही, स्वराची गोलाई जाते आणि उरते ती सुरेल धार. त्या गाण्यांत सूर चुकलेला नाही, हे कटाक्षाने सांगायला हवे. बडे गुलाम अली खाँ यांच्यासारख्याने ज्यांच्या कधीच बेसूर न होण्याचे कौतुक केले, त्या बेसूर कशाला होतील? दोष गळ्याचा नसून बांधणीचा आहे, याला पुरावाही आहे. खय्याम यांचा ‘रझिया सुलतान’ १९८३ मध्ये आला. लताबाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. खय्याम यांनी पट्टी खाली ठेवली, वाद्ये बाजूला सारली, दोन ओळींमध्ये शांतता सोडली, आणि त्याच वर्षांतल्या त्याच गळ्यातून भरदार, सावळा स्वर निघाला. ओ. पी. नय्यर यांनी लताबाईंना कधीच घेतले नाही. आशाबाईंच्या आवाजाचा खालचा पदर त्यांनी उलगडला तोही पट्टीच्याच निर्णयातून. संगीतकाराने हार्मोनियमवर कुठे बोट ठेवले यावर गाण्याचे निम्मे भवितव्य ठरते.

निवडीचा प्रश्न वेगळा आहे. ‘संगम’ (१९६४) मधले वैजयंतीमालावर चित्रित झालेले ते म्हाताऱ्या नवऱ्याचे थट्टागीत लताबाईंना स्वतःला रुचले नव्हते; राज कपूर यांच्या आग्रहाखातर त्या गायल्या, असे त्यांनी पुढे सांगितले. शब्दांची अभिरुची पारखून गाणी नाकारणाऱ्या गायिकेच्या तोंडी ते गाणे आजही परके वाटते. गायन निर्दोष, तरी गाणे उणे, असा हा नमुना आहे. १९९२ मधल्या ‘श्रद्धांजली’बद्दलही दोन तट आहेत. सैगल, मुकेश, रफी, किशोरकुमार यांना वंदन म्हणून लताबाईंनी त्यांची गाणी स्वतः गायली. भावना निर्मळ होती. पण सैगल यांचे गाणे सैगल यांच्या खर्जावर, त्यांच्या जड स्वराच्या विसाव्यावर उभे असते. ते उंच, पातळ आवाजात नेले की सांगाडा राहतो आणि श्वास निघून जातो. आदराने केलेले हे काम लताबाईंच्या थोर कामांत धरता येत नाही.

कित्येक वाद तर यंत्राने लावून दिलेले आहेत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालतो. आपल्याकडे दूरदर्शनने जी पाल पद्धत स्वीकारली, तिचा वेग सेकंदाला २५ चौकटी. या पद्धतीत चित्रपट दाखवताना तो सहसा चार टक्क्यांनी पळवला जातो आणि आवाजही तितकाच वर चढतो. पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांत जे अंतर असते, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश ही चढण भरते. केवळ सूर चढतो असे नाही, आवाजाचा पोतही पातळ होतो, कारण गळ्याच्या नैसर्गिक आसेसकट सगळेच वर सरकते. ज्या पिढीने लताबाईंना ‘छायागीत’ आणि व्हिडिओ कॅसेटमधून ओळखले, तिने पुष्कळदा मूळ आवाजापेक्षा चिरका आवाज ऐकला. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचेही तेच. वाजवणाऱ्या यंत्राचा वेग थोडा अधिक असला तर त्यावरून केलेली प्रत कायमची चढी राहते, आणि मग त्या प्रतीच्या शेकडो प्रती निघतात. त्यात ऐंशीच्या दशकाअखेर ‘झंकार बीट्स’ आले; जुन्या गाण्यावर नवा ठेका आणि घुमारा चढवून कॅसेटी खपल्या. अशा प्रतीवरून लताबाईंचा न्याय करणे म्हणजे धुरकट काचेतून चित्र पाहून रंगांना नावे ठेवणे. एखादे गाणे खटकले तर आधी त्याची मूळ तबकडी किंवा तिच्यावरून नीट वेगात केलेली प्रत मिळवून ऐकावी. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

उरतो वयाचा मुद्दा. वय वाढते तसे स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होतात, फुप्फुसांचा भाता आखूड होतो. दमसास कमी पडला की लांब ओळ मध्येच तुटते, ठेहराव हलतो आणि जिथे स्थिर स्वर हवा तिथे कंप येतो. स्त्रियांच्या आवाजाची नैसर्गिक पट्टी उतारवयात थोडी खालीही येते. हिंदी चित्रपटाने मात्र लताबाईंना नायिकेच्या वयाबरोबर बांधून ठेवले. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) लागला तेव्हा त्या ६० वर्षांच्या होत्या, ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) च्या वेळी ६४, ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (१९९५) च्या वेळी ६६. पडद्यावर विशी-पंचविशीतल्या मुली होत्या. चाली तरुण, पट्टी तरुण, गाणारा गळा आजीचा. ही गाणी देशाने डोक्यावर घेतली, लग्नांत वाजवली, आणि तो आनंद खोटा नव्हता. तरीही कान देऊन ऐकणाऱ्याला शब्दांच्या शेवटी सुटणारा श्वास जाणवतोच. तो जाणवला असे म्हणणारा रसिक कृतघ्न ठरत नाही.

मराठीत हा वाद तुलनेने थंड आहे, याचे कारणही इथेच असावे. श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेला तुकोबांचा अभंग किंवा हृदयनाथांनी बांधलेली ज्ञानेश्वरांची विराणी कोणा विशीतल्या नायिकेच्या ओठांवर ठेवायची नसते. अभंगाला वय नसते, त्यामुळे गाणाऱ्या आवाजालाही वय चोरावे लागत नाही.

वय आणि गाणे यांचे हे नाते ‘वीर-ज़ारा’त (२००४) स्पष्ट दिसते. मदन मोहन १९७५ मध्ये गेले. त्यांच्या न वापरलेल्या चाली त्यांचे चिरंजीव संजीव कोहली यांनी पुन्हा उभ्या केल्या आणि यश चोप्रांनी त्या लताबाईंकडून गाऊन घेतल्या. चित्रपट आला तेव्हा लताबाई ७५ वर्षांच्या होत्या. चालींत मदन मोहन यांच्या ओळखीच्या वळणांची मागणी आहे. लांब मींड, वरच्या स्वरावर रेंगाळणे, तिथून अलगद उतरणे. १९६४ च्या ‘वह कौन थी’मधला गळा ज्यांच्या कानात आहे, त्यांना या ध्वनिमुद्रणात कसर कुठे राहिली ते ओळीओळीला दिसते. लताबाईंना त्या चालींची प्रत्येक वाट माहीत आहे, पण पाय आता थकले आहेत. याला उणे म्हणावे लागेल, आणि तसे म्हणताना घसा दाटून यावा असेच ते आहे.

पण म्हातारपण म्हणजेच उणेपण, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. साठीच्या उंबरठ्यावर गायलेल्या ‘लेकिन’च्या गाण्यांनी लताबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हृदयनाथांनी त्या चाली राजस्थानी मांडच्या अंगाने बांधल्या आणि भटकणाऱ्या जीवाच्या आवाजाला वयाचे बंधन उरले नाही. २००६ च्या ‘रंग दे बसंती’त ए. आर. रहमान यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. मुलगा गमावलेल्या आईचे गाणे त्यांनी लताबाईंना दिले. पडद्यावर वहिदा रहमान होत्या. चित्रपट लागला तेव्हा लताबाईंचे वय होते ७६. श्वास आखूड आहे, स्वर थरथरतो, ओळ मध्ये तुटते, आणि यातली एकही गोष्ट दोष वाटत नाही, कारण मुलाला हाक मारणाऱ्या म्हाताऱ्या आईचा आवाज असाच असतो. दहा वर्षांपूर्वी नायिकेच्या तोंडी जो कंप खटकत होता, तोच इथे गाण्याचा प्राण झाला. लताबाईंच्या उण्या गाण्यांची यादी कोणीही करावी, पण ऐंशीच्या दशकातली अकारण उंच पट्टीत चढवलेली गाणी तिच्यात पहिली लिहावीत. आईचे हे गाणे मात्र त्या यादीत बसत नाही.