उद्दिष्टवाक्याचे व्याकरण

शिक्षकाच्या टाचणवहीत रोज एक वाक्य लिहिले जाते आणि पाठ संपल्यावर ते क्वचितच पुन्हा वाचले जाते. पाठाच्या शीर्षकाखालील हे उद्दिष्टाचे वाक्य बहुधा पुढीलप्रमाणे असते : 'विद्यार्थ्यांना नपुंसकलिंग समजेल.' वरवर पाहता या वाक्यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु ते साध्य झाले किंवा नाही, हे कशावरून ठरवावयाचे, असा प्रश्न विचारताच त्यातील संदिग्धता उघड होते. या संदिग्धतेचे एक कारण मराठीच्या वाक्यरचनेतच सापडते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टांचा शास्त्रीय विचार तसा नवा नाही. राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमाची मूलतत्त्वे मांडताना उद्दिष्टांना अग्रस्थान दिले. बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक उद्दिष्टांचे ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन असे वर्गीकरण केले. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाची तीन अंगे सांगितली : दिसू शकणारी कृती, ती ज्या परिस्थितीत घडावी ती परिस्थिती आणि यशाची किमान मर्यादा. पुढे २००१ मध्ये ब्लूम यांच्या वर्गीकरणाची फेरमांडणी झाली, तेव्हा नामांच्या जागी क्रियापदे आली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अध्ययन निष्पत्तीही याच दिशेच्या आहेत.

तथापि नामाचे क्रियापद केले म्हणजे काम संपले, असे मराठीत म्हणता येत नाही. इंग्रजीत 'समजणे' या अर्थाच्या क्रियापदाचा कर्ता प्रथमेत येतो. मराठीत मात्र 'विद्यार्थ्याला समजते', 'त्याला कळते', 'तिला आवडते' अशी रचना होते. येथे विद्यार्थी हा कृती करणारा नसून, ज्याच्या ठायी एखादी अवस्था उत्पन्न होते असा अनुभव घेणारा आहे. म्हणून तो चतुर्थीत येतो. करणारा 'वाचतो', 'लिहितो', 'निवडतो'. कळते मात्र 'त्याला'. जे त्याच्या मनात घडले ते शिक्षकाला दिसत नाही. 'विद्यार्थ्याला वाचता येते' या वाक्यातही चतुर्थीच आहे. पण तिच्या पोटात 'वाचणे' ही कृती असल्यामुळे ते पडताळून पाहता येते. यावरून शिक्षकाला एक साधी कसोटी मिळते : उद्दिष्टवाक्याचे 'विद्यार्थी अमुक करतो' असे रूपांतर करून पाहावे. ते सहज झाले तर उद्दिष्ट स्पष्ट आहे. न झाले तर ते अद्याप केवळ इच्छेच्या स्वरूपात आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिराचेच उदाहरण घेऊ. 'विद्यार्थ्यांना मंदिराची माहिती कळेल' हे वाक्य कसोटीला उतरत नाही. 'मंदिरातील शिलालेखाच्या शके ९८२ या वर्षावरून विद्यार्थी पुस्तक न पाहता इसवी सन काढतो आणि ते कसे काढले हे एका वाक्यात सांगतो' हे उतरते. शकात ७८ मिळवून १०६० हे उत्तर आले किंवा नाही, याविषयी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात मतभेद संभवत नाही.

भाषेच्या तासाला हा प्रश्न अधिक गंभीर होतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे वसली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या शहरात व शेजारच्या अंबरनाथ-बदलापुरात आज सिंधी, हिंदी, आगरी बोली आणि प्रमाण मराठी अशा भिन्न घरभाषांची मुले आढळतात. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला. त्यामुळे एकाच बाकावरील मुलांपुढे एकच उद्दिष्टवाक्य ठेवले, तरी त्यांना चालावयाचे अंतर सारखे नसते.

सिंधी व हिंदी या भाषांत दोनच लिंगे आहेत. 'घर' हा शब्द दोन्हींत पुल्लिंगी. म्हणून त्या घरचे मूल सहज 'माझा घर' म्हणते. 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी. म्हणून 'माझी पुस्तक'. असे मूल नपुंसकलिंगाची व्याख्या तोंडपाठ म्हणून दाखवील आणि दुसऱ्याच क्षणी 'पाणी सांडला' म्हणेल. उलट मराठी घरातील मूल 'माझे घर' बिनचूक म्हणते, पण त्या लिंगाचे नाव त्याला सांगता येत नाही. या दोघांपैकी नपुंसकलिंग 'समजले' कोणाला? आगरी बोलणाऱ्या मुलाची अडचण आणखी निराळी. त्याच्या घरी 'पानी' आणि 'डोला' हीच रूपे शुद्ध आहेत. त्याला लेखनात 'ण' व 'ळ' योजावयाचे आहेत, बोली टाकावयाची नाही.

अशा वर्गात शिक्षकाने फळ्यावर मुलाच्याच तोंडचे वाक्य लिहावे : 'दहा वस्तूंच्या नावांपुढे मी माझा, माझी, माझे यांपैकी योग्य रूप लिहीन, त्यांतील आठ तरी बरोबर असतील.' ज्याला हे आधीच येते त्याच्यासाठी दुसरे वाक्य असावे : 'मी त्या शब्दांचे लिंग सांगून वाक्यातील पुरावा दाखवीन.' तासाच्या शेवटी त्याच वाक्याकडे परत यावे. पाचच रूपे बरोबर आली, तर उद्याचा तास कोठून सुरू करावयाचा हे ठरते.

प्रत्येक उद्दिष्ट असे मोजता येईल, असा दावा नाही. कवितेचा आस्वाद दहांपैकी आठ या मापात बसत नाही. तेथे 'कळेल', 'आवडेल' ही क्रियापदे राहू द्यावीत. मात्र त्यांच्या आधारे गुण देऊ नयेत किंवा मुलाविषयी निर्णय करू नये. 'माझा घर' म्हणणाऱ्या मुलाला 'भाषेत कच्चा' ठरविले जाते, तेव्हा पुष्कळदा त्याच्यापुढे नेमके काय ठेवले होते हेच कोणी सांगितलेले नसते. उद्दिष्टवाक्य सुस्पष्ट असणे, हा म्हणूनच टाचणवहीच्या टापटिपीचा प्रश्न नसून विद्यार्थ्याला न्याय देण्याचा प्रश्न आहे.