खणण्याआधीचे पाणी

गॅसवाहिनी नदीखालून जाणार म्हटले की पहिली भीती गळतीची वाटते. पाण्यात गॅस मिसळेल, मासे मरतील, नळाच्या पाण्याला वास येईल. ही भीती अगदीच निराधार नाही. पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, बुडबुडे होऊन वर निघून जातो. नद्या-ओढ्यांचे मोठे नुकसान होते ते वाहिनीत गॅस सोडण्याच्या कितीतरी आधी, ती पुरली जात असताना. आणि ते करते एक अगदी साधी गोष्ट: माती.

अमेरिकेच्या पूर्व भागातील अॅपलाचियन डोंगररांगेत या मातीवरून गेली दहा वर्षे भांडण चालले आहे. एका बाजूला अब्जावधी डॉलरच्या कंपन्या, तर दुसऱ्या बाजूला शेतकरी, आयुष्याची कमाई डोंगरातल्या घरात घातलेले निवृत्त लोक आणि गळ टाकून मासे धरण्याचा नाद असलेली मंडळी. या दुसऱ्या बाजूने मोर्चे काढले, झाडांवर मचाण बांधून मुक्काम ठोकला. व्हर्जिनियातील यलो फिंच नावाच्या गल्लीजवळची झाडे तर आंदोलकांनी पाळीपाळीने ९३२ दिवस अडवून धरली. त्याची छायाचित्रे जगभर गेली. त्यांचे दुसरे काम मात्र छायाचित्रात मावण्यासारखे नव्हते. ते होते ओढ्यावर जाऊन पाणी मोजण्याचे.

ज्या वाहिनीवरून हा वाद सर्वाधिक पेटला ती माउंटन व्हॅली पाइपलाइन. वेस्ट व्हर्जिनियाच्या वेट्झेल काउंटीपासून व्हर्जिनियाच्या पिट्सिल्व्हेनिया काउंटीपर्यंत ३०३ मैल, म्हणजे सुमारे ४८८ किलोमीटर लांब आणि ४२ इंच व्यासाची. केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने ऑक्टोबर २०१७ मध्ये तिला परवानगी दिली आणि २०१८ मध्ये काम सुरू झाले. असा पाइप पुरायचा तर १२५ फूट रुंदीचा पट्टा झाडे तोडून, माती उकरून मोकळा करावा लागतो. पुढे त्यातला ५० फुटांचा पट्टा कायमचा झाडांविना ठेवला जातो. सपाट माळावर हे एक वेळ निभावते. इथे मात्र पट्टा थेट डोंगर चढतो आणि उतरतो, आणि प्रत्येक उताराच्या तळाशी एक ओढा असतोच. वाटेत असे ओढे, नद्या आणि पाणथळ जागा शेकडोंनी आहेत.

मुळे उपटलेल्या उतारावर जोराचा पाऊस पडला की काय होते हे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. कंपनी उताराच्या तळाशी गाळ अडवणारे कापडी कुंपण उभे करते, गवताच्या वळकट्या अंथरते. साध्या पावसात ते पुरते. २०१८ साली त्या भागात असाधारण पाऊस झाला आणि कुंपणे आडवी झाली. डिसेंबर २०१८ मध्ये व्हर्जिनिया राज्यानेच कंपनीवर दावा लावला. धूप आणि गाळ रोखण्याच्या नियमांची ३०० हून अधिक उल्लंघने त्यात मांडली होती. पुढच्या वर्षी साडेएकवीस लाख डॉलर भरून कंपनीने तो मिटवला.

आता प्रश्न असा, की ओढ्यात थोडी माती गेली तर बिघडले कुठे? पावसात प्रत्येक ओढा गढूळ होतो आणि दोन दिवसांनी निवळतो. खरे आहे. पण बारीक गाळ वाहून जात नाही, तो तळाच्या गोट्यांमधल्या फटींत बसतो. त्या फटी हेच ओढ्याचे खरे घर आहे. ट्राउट मासा शरद ऋतूत तळाच्या खडीत अंडी घालतो. खडीतून पाणी खेळते राहिले तरच त्या अंड्यांना प्राणवायू मिळतो, गाळ बसला की ती गुदमरतात. याच नद्यांत रोअनोक लॉगपर्च नावाचा मासा आहे. तो नाकाडासारख्या पुढच्या टोकाने दगड उलटवतो आणि खालचे किडे खातो. दगड गाळात रुतले की त्याचे ताटच उचलले गेले. कँडी डार्टर हा तिथला दुसरा मासा, लाल-हिरव्या पट्ट्यांचा, बोटभर लांबीचा. वाहिनीचे काम ऐन भरात होते, त्याच २०१८ साली तो केंद्राच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला.

माणसाच्या दृष्टीने गढूळपणा हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाही. मातीचे कण जंतूंना आडोसा देतात, त्यामुळे क्लोरिन त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पाण्यात कुजके सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर क्लोरिनशी त्याचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे तयार होतात, तीही दीर्घकाळ पोटात जाणे चांगले नाही. म्हणून आपल्याकडील भारतीय मानक पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एकक असावा असे सांगते, दुसरा पर्यायच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेते. गढूळपणा वाढण्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते याचा धडा १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहराने घेतला. तिथल्या एका शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला. त्या पाण्यातून क्लोरिनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी घरोघर गेला आणि सुमारे ४ लाख लोक जुलाबांनी आजारी पडले. त्या घटनेशी गॅसवाहिनीचा काही संबंध नव्हता. पण गढूळपणाचा आकडा हा डॉक्टरने नाडी बघण्यासारखा असतो, तो वाढला की आत काहीतरी बिघडले आहे असे समजून तपास करायचा, हे त्या साथीने पक्के केले.

अॅपलाचियन डोंगरांत आणखी एक गुंतागुंत आहे. तिथली बरीच जमीन चुनखडीची आहे. पावसाचे किंचित आम्ल पाणी हजारो वर्षे चुनखडी विरघळवत राहते आणि जमिनीखाली गुहा, बोगदे, भुयारी ओढे तयार होतात. कुठे अचानक जमीन खचून खड्डा पडतो, तर कुठे वाहता ओढा जमिनीत गडप होऊन दूरवर झऱ्याच्या रूपाने पुन्हा वर येतो. वाहिनीच्या मार्गातल्या एका ओढ्याचे नावच सिंकिंग क्रीक, म्हणजे बुडणारा ओढा! वाळू-मातीच्या थरांतून झिरपणारे पाणी हळूहळू गाळले जाते. चुनखडीच्या भुयारातून जाणारे पाणी मात्र जवळजवळ नळातून जावे तसे जाते, वरची घाण खाली तशीच पोहोचते. इथली अनेक कुटुंबे पालिकेचे पाणी पीत नाहीत, घरच्या विहिरीचे किंवा झऱ्याचे पितात. डोंगरावर इकडे खणले तर पलीकडच्या दरीतला कुणाचा झरा गढूळ होईल, हे नकाशा पाहून सांगता येत नाही. त्यासाठी भूशास्त्रज्ञ पाण्यात चमकता रंग सोडतात आणि तो कुठे उगवतो याची वाट बघतात.

ट्राउट अनलिमिटेड ही मासेमारांची संस्था आणि वेस्ट व्हर्जिनिया रिव्हर्स कोअॅलिशन या दोघांनी मिळून गावकऱ्यांना पाणी मोजायला शिकवले. आधी शेल गॅसच्या विहिरींसाठी सुरू झालेला हा उपक्रम मग वाहिन्यांच्या मार्गावर आणला गेला. मोजायचे काय? पाण्याचे तापमान, सामू, विद्युतवाहकता, गढूळपणा आणि प्रवाहाची पातळी. विद्युतवाहकतेवरून पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो. गढूळपणासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. एक उंच पारदर्शक नळी असते, तिच्या तळाशी काळ्या-पांढऱ्या खुणेची चकती. नळीत ओढ्याचे पाणी भरायचे, वरून बघायचे, आणि खुणा स्पष्ट दिसेपर्यंत तळाच्या तोटीतून पाणी हळूहळू सोडायचे. उरलेल्या पाण्याची उंची लिहून ठेवायची. बस्स. शाळकरी मुलालाही जमेल असे हे काम आहे. अवघड भाग पुढचा: तेच दर पंधरवड्याला, त्याच जागी, थंडीत आणि पावसातही करत राहायचे.

आणि सुरुवात खणण्याच्या आधी करायची. माझ्या मते या सगळ्या लढाईतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. ओढा गढूळ झाल्यावर काढलेले छायाचित्र पुराव्याला अपुरे पडते, कारण कंपनी सहज म्हणू शकते, पाऊस झाला की हा ओढा नेहमीच असा होतो. त्याला उत्तर द्यायचे तर काम सुरू होण्यापूर्वीच्या पावसाळी दिवसांत तो किती गढूळ होत असे याची नोंद हाताशी हवी. शिवाय वाहिनी ओढा ओलांडते तिथून वरच्या अंगाची एक नोंद आणि खालच्या अंगाची एक. वरचे पाणी नितळ आणि खालचे गढूळ असेल तर मधल्या शंभर पावलांत काहीतरी घडले आहे. याच डोंगरांतून जाऊ पाहणाऱ्या अटलांटिक कोस्ट पाइपलाइनच्या बाबतीत तर स्वयंसेवकांनी विमानातून छायाचित्रे घेऊन ती नकाशावर बसवण्याची व्यवस्था उभारली होती. सुमारे ६०० मैलांची ती वाहिनी खटल्यांत रेंगाळली, खर्च ५ अब्जांच्या आसपासवरून ८ अब्ज डॉलरवर गेला आणि जुलै २०२० मध्ये कंपन्यांनी ती रद्द केली. गंमत म्हणजे त्याच्या तीनच आठवडे आधी सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या होत्या.

कायद्याच्या बाजूने या लोकांच्या हाती एक चांगले हत्यार होते. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यातील कलम ४०१ नुसार केंद्राने परवानगी दिलेल्या प्रकल्पालाही राज्य आपल्या पाण्याच्या मुद्द्यावर अडवू शकते. न्यूयॉर्क राज्याने एप्रिल २०१६ मध्ये कॉन्स्टिट्यूशन पाइपलाइनला याच कलमाखाली नकार दिला. ती सुमारे अडीचशे ओढे ओलांडणार होती.

माउंटन व्हॅलीच्या बाबतीत हत्यार आणखी बारीक निघाले. वेस्ट व्हर्जिनियाची एक अट होती, की वाहिनीसाठी नदी किंवा ओढा ओलांडण्याचे काम ७२ तासांत संपवायचे. एल्क, गॉली, ग्रीनब्रायर आणि मेडो या चार नद्यांच्या कामाला मात्र प्रत्येकी चार ते सहा आठवडे लागणार होते. लष्कराच्या अभियंता विभागाने यावर तोडगा काढला: पात्राचा भाग बांध घालून कोरडा करून खणा, मग ७२ तासांची अट लागू करायला नको. तांत्रिकदृष्ट्या हे अगदीच चूक नव्हते, कोरड्या पात्रात खणले तर गाळ कमी उठतो. पण राज्याची अट बदलण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असे म्हणत रिचमंडच्या अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवाना रद्द केला. अशा एकामागून एक खटल्यांत काम वारंवार थांबले. साडेतीन अब्ज डॉलरचा प्रकल्प पावणेआठ अब्जांच्या पुढे गेला. शेवटी कंपनीने सुमारे १८० ओढे, नद्या आणि पाणथळ जागा उघड्या खणण्याऐवजी त्यांच्याखालून आडवे भोक पाडून पाइप नेण्याची परवानगी मागितली, ती २०२२ मध्ये मिळाली. ओढ्यांच्या बाजूने विचार केला तर ही कमाई लहान नाही.

अर्थात खालून भोक पाडणे हाही रामबाण उपाय नव्हे. लांब पल्ल्याच्या छिद्रणात दाबाखाली बेंटोनाइट मातीचा लगदा सोडावा लागतो. ओहायोत रोव्हर पाइपलाइनच्या कामात एप्रिल २०१७ मध्ये असा सुमारे २० लाख गॅलन लगदा टस्करॉवस नदीजवळच्या पाणथळ जागेत पसरला. बेंटोनाइट विषारी नसतो, पण पाणथळ जागेवर त्याचा जाड थर बसला की खालचे सगळे गुदमरते.

खटल्यांचा हा खेळ २०२३ मध्ये संपला, तोही न्यायालयाबाहेर. सरकारची कर्जमर्यादा वाढवण्याच्या कायद्यात अमेरिकी संसदेने एक कलम घातले. माउंटन व्हॅलीचे सर्व परवाने मंजूर समजावेत आणि त्यांविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग बंद व्हावा! जुलै अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने उरलेली स्थगितीही उठवली. वाहिनीच्या समर्थकांचे म्हणणे, गॅस कोळशापेक्षा स्वच्छ जळतो आणि देशाला ऊर्जा हवीच. त्यात तथ्य आहे. पण एका प्रकल्पासाठी कायद्याच्या चौकटीलाच वळसा घालणे हे ऊर्जेच्या गरजेने समर्थनीय ठरत नाही.

१ मे २०२४ रोजी बेंट माउंटन भागात, पाण्याच्या दाबाने चाचणी चालू असताना, पाइप फुटला आणि उसळलेले पाणी माती घेऊन ओढ्यात गेले. आत गॅस नव्हता हे नशीब. १४ जूनला वाहिनी सुरू झाली.

आता तिचा एक फाटा नॉर्थ कॅरोलायनात नेण्याचा बेत आहे, साउथगेट नावाचा. मूळ आराखडा बराच लांब होता. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने तो सुमारे ३१ मैलांवर आणला आणि नव्या मार्गाची एक जमेची बाजू म्हणून जे सांगितले ते असे: यात ओढे आणि नद्या पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी वेळा ओलांडाव्या लागतील.