ओल्या कातळावरचा अनामिक जीव

पावसाळ्यात घाटातून जाणाऱ्या प्रवाशाची नजर कड्यावरून कोसळणाऱ्या धबधब्यावर खिळते. धबधब्याच्या बाजूचा काळा कातळ मात्र सहसा कोणी पाहत नाही. त्यावरून पाणी वाहत नाही, नुसते झिरपते. त्याची खोली नखाच्या जाडीइतकीही नसते. अशा जागेला तळे म्हणता येत नाही, ओढा म्हणता येत नाही आणि कोरडी जमीनही म्हणता येत नाही. तथापि या पातळ पापुद्र्याच्या आश्रयाने एक स्वतंत्र जीवसृष्टी नांदत असते. सह्याद्रीतल्या इंदिराना या वंशातील बेडकांची पिले डबक्यात न वाढता अशाच भिजलेल्या खडकाला चिकटून वाढतात. जगातील कित्येक लहानग्या पाणभुंगेऱ्यांनीही हीच जागा पसंत केली आहे. त्यांपैकी दोघांची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

पहिली हकीकत दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला या देशातली. त्या देशाच्या दक्षिण भागात, पुएर्तो आयाकूचो या गावाजवळ, गुळगुळीत खडकाच्या उतारावरून पाणी घसरत येते. त्या जागेच्या स्पॅनिश नावाचा अर्थच मुळी ‘रानातली घसरगुंडी’ असा आहे. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे कीटकशास्त्रज्ञ पॉल स्पँगलर यांना १९८५ साली तेथे एक भुंगेरा मिळाला. त्याची लांबी पुरती एक मिलिमीटरही नव्हती. मोहरीचा दाणा त्याच्यापुढे मोठा ठरावा. पोहणाऱ्या भुंगेऱ्यांचे पाय वल्ह्यांसारखे झालेले असतात. याचे तसे नव्हते. त्याच्या नख्यांना कंगव्यासारखे दाते होते. पाणभुंगेऱ्यांच्या ज्ञात कुलांपैकी एकातही तो नीट बसेना.

हा जीव शास्त्रात दाखल झाला तो २००५ साली, म्हणजे सापडल्यानंतर वीस वर्षांनी. स्पँगलर आणि त्यांचे सहकारी वॉरेन स्टायनर यांनी त्याला ‘मेरू फिलिसी’ असे नाव दिले आणि त्या एकट्यासाठी भुंगेऱ्यांचे एक नवे कुलच स्थापन केले. ‘मेरू’ हा शब्द वाचून मराठी वाचकाच्या मनात पुराणातला सुवर्णपर्वत उभा राहील. पण हा मेरू तो नव्हे. तिकडच्या एका आदिवासी भाषेत धबधब्याला मेरू म्हणतात. नावाचा दुसरा भाग स्पँगलर यांच्या पत्नी फिलिस यांच्या सन्मानार्थ आहे. नाव मिळाल्यावरही या जीवाची अर्धी ओळख बाकीच होती. त्याच्या अळीचे वर्णन २०११ साली प्रसिद्ध झाले.

जो जीव बाटलीत आहे, डोळ्यांना दिसतो आहे, त्याला नाव द्यायला इतका काळ का लागावा, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर ‘वर्णन’ या शब्दात आहे. प्राणिशास्त्रात वर्णन म्हणजे रंगरूपाची चार वाक्ये नव्हेत. एखाद्या जमिनीचा खरेदीदस्त करताना तिच्या चारी बाजूंच्या सीमा जशा लिहून द्याव्या लागतात, तसे येथे नव्या जातीच्या सीमा तिच्या शेजारच्या जातींपासून आखून द्याव्या लागतात.

या कामाचा आरंभ खडकापाशी होतो. कातळाच्या पायथ्याशी बारीक जाळीची चाळण धरतात, वरून पाणी मारतात किंवा मऊ कुंचल्याने पृष्ठभाग झाडतात आणि जे खाली येईल ते मद्यार्कात घालतात. प्रत्येक बाटलीत स्थळ, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी असते. ही चिठ्ठी हरवली तर नमुन्याची निम्मी किंमत गेली असे समजावे. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखाली चालते. पाठीवरील कठीण पंखांवरचे खळगे, पायांवरचे केस, तोंडाचे अवयव, स्पर्शेंद्रियांचे सांधे, सारे मोजून रेखाटावे लागते. पुष्कळ भुंगेरे बाहेरून इतके सारखे दिसतात की, नराच्या पोटाच्या टोकाशी असलेला जननेंद्रियाचा कठीण भाग अलगद सोडवून त्याच्या आकारावरून जात ठरवावी लागते. मिलिमीटरभर लांबीच्या देहात हे काम किती नाजूक असेल, याची कल्पना करावी. अलीकडे जनुकद्रव्याची तपासणीही करतात. परंतु तिने डोळ्यांचे काम संपलेले नाही.

मग येते तुलना, आणि सर्वाधिक वेळ तीच खाते. आजवर सुमारे ४ लाख भुंगेऱ्यांच्या जातींना नावे मिळाली आहेत. हाती आलेला जीव त्यांपैकी एकही नाही, हे सिद्ध करायचे तर जुने लेख वाचावे लागतात आणि देशोदेशीच्या संग्रहालयांतले नमुने मागवून पाहावे लागतात. प्राण्यांच्या नावांच्या हिशेबाचा आरंभ लिनिअस याच्या ग्रंथाला धरून १७५८ सालापासून होतो. त्यानंतर दिलेले प्रत्येक नाव विचारात घ्यावे लागते. एवढे झाल्यावर एक नमुना निवडून तो त्या जातीचा प्रमाण-नमुना म्हणून संग्रहालयात ठेवतात. पुढे कधीही शंका उपस्थित झाली तर निवाडा त्या एका देहाकडे पाहून होतो. तराजूच्या कज्जात सरकारी मापाचे जे स्थान, तेच येथे या नमुन्याचे.

दुसरी हकीकत दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातली. तेथील पाझरत्या कड्यांवर सापडलेल्या एका भुंगेऱ्यासाठी २००२ साली इग्नासिओ रिबेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच एक नवे कुल स्थापले. त्याचे नाव त्यांनी ‘ॲस्पिडायटीस नायोबी’ असे ठेवले. नायोबी ही ग्रीक पुराणकथेतली राणी. आपल्या लेकरांचा तिने गर्व केला, देवांनी ती सारी लेकरे मारली आणि शोकाने ती शिळा झाली. त्या शिळेतून तिचे अश्रू अखंड पाझरत राहिले, अशी कथा आहे. पाझरत्या शिळेवरच्या जीवाला याहून समर्पक नाव सुचणे कठीण. नवलाची गोष्ट अशी की, पुढच्याच वर्षी याच्या एका नातलगाचे वर्णन चीनच्या शेन्सी प्रांतातून प्रसिद्ध झाले. त्याला पुढे स्वतंत्र वंशात घालण्यात आले, पण कुल तेच राहिले. एक केपच्या टोकाला, दुसरा चीनच्या डोंगरात, आणि मध्ये अर्धे जग. एका प्राचीन घराण्याचे हे दोन वारस, पाण्याच्या पापुद्र्याला धरून मागे राहिलेले.

मेरूला लागलेली वीस वर्षे हा अपवाद नव्हे. नव्या जातीचा पहिला नमुना गोळा होणे आणि तिचे वर्णन प्रसिद्ध होणे यांत सरासरी २१ वर्षांचे अंतर पडते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. नमुने पुष्कळ आणि ते ओळखणारे डोळे थोडे, असा हा व्यस्त हिशेब आहे.

खडक मात्र इतकी वर्षे थांबेल अशी हमी कोणी दिलेली नाही. मोठे तळे आटू लागले तर ते गावाच्या नजरेला येते. पाझर आटला तर कोणाला कळत नाही. वर झऱ्याला नळ बसला, डोंगराच्या कुशीतून रस्ता कापला गेला किंवा माथ्यावरचे रान तुटले की खालचा कातळ निमूटपणे कोरडा पडतो. त्यावरच्या जीवांना दुसरीकडे जाण्याची सोय फारशी नसते. एका ओल्या कड्यापासून दुसऱ्यापर्यंतची कोरडी वाट त्यांच्या मानाने महासागराएवढी असते. कुणाचे काय गेले, हे सांगायला निदान त्याचे नाव तरी कोठे लिहिलेले असावे लागते. ज्याला नाव नाही, त्याची नोंद रक्षणाच्या यादीत होत नाही आणि गेल्यावर गेलेल्यांच्या यादीतही होत नाही.

नाव दिल्याने जीव वाचतो असे नाही. परंतु वाचवण्याचा विचार नावापासूनच सुरू होतो. मोहरीहून लहान देहासाठी सूक्ष्मदर्शकापुढे वर्षे घालवणाऱ्या अभ्यासकाचा उद्योग म्हणूनच क्षुल्लक मानता येत नाही. कड्याच्या एका ओल्या पट्ट्यावर जगातले एक अख्खे कुल नांदत असू शकते, हे त्याच्या चिकाटीवाचून कधीच कळले नसते.