पद्मिनीचा कार्बोरेटर बदलताना

इंजिनाने ओढलेल्या हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळणे हे कार्बोरेटरचे काम. साधारण १४.७ किलो हवेला एक किलो पेट्रोल मिळाले की ज्वलन पूर्ण होते. पण थंड इंजिन सुरू करताना किंवा घाट चढताना पेट्रोल जास्त लागते, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात कमी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनावर ही जबाबदारी सोलेक्स जातीचा कार्बोरेटर सांभाळतो, आणि तीही कोणत्याही सेन्सरविना.

कार्बोरेटरच्या नळीचा मधला भाग निमुळता असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि फ्लोटच्या टाकीतले पेट्रोल जेटमधून खेचले जाते. जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास: १२० क्रमांकाच्या जेटचे छिद्र १.२० मिलिमीटरचे. त्याऐवजी १२५ चा जेट लावला, तर छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच जेटमध्ये तार घालून कचरा काढण्याची गॅरेजमधली सवय घातक आहे. पितळ मऊ असते, छिद्र नकळत मोठे होते आणि आकडा मात्र तोच राहतो. जेट पेट्रोलने धुऊन हवेच्या दाबाने साफ करावा.

कार्बोरेटर बदलण्याआधी जुना खरोखरच बाद झाला आहे का, हे तपासायला हवे. गाडी मिसिंग करते, स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) बंद पडते, पिकअप घेत नाही, या तक्रारींचे मूळ पुष्कळदा टॅपेट, पॉइंट, प्लग किंवा टायमिंगमध्ये असते. ते आधी नीट करावे, नाहीतर नव्या कार्बोरेटरचेही ट्युनिंग जमत नाही. जुन्या सोलेक्सचा खरा शत्रू म्हणजे थ्रॉटलच्या दांड्याची झीज. दांडा हाताने हलवल्यावर खुळखुळत असेल, तर तिथून फुकटची हवा आत शिरते आणि कितीही स्क्रू फिरवले तरी स्लो स्थिर होत नाही. अशा वेळी लेथवर नवे बुश बसवून घेणे हा बदलीपेक्षा चांगला उपाय ठरतो.

मूळ सोलेक्स मिळत नाही म्हणून काही जण मारुती ८०० चा कार्बोरेटर बसवतात. तो ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनासाठी बेतलेला आहे. त्यामुळे जोडपट्टी तयार करून भागत नाही, जेटही नव्याने जुळवावे लागतात. उलट, ताकद वाढेल या आशेने गरजेपेक्षा मोठा कार्बोरेटर लावला, तर कमी रेसवर हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे बारीक तुषार होत नाहीत आणि गाडी अडखळते. नेहमीच्या वापरासाठी मूळ मापाचाच कार्बोरेटर उत्तम.

बसवताना दोन्ही पृष्ठभाग सपाट आहेत ना हे पाहून नवे पॅकिंग घालावे आणि नट आळीपाळीने, बेताने आवळावेत. एकच बाजू कचकून आवळली, तर बूड वाकते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल पूर्ण मिटतो याची खात्री इंजिन सुरू करण्यापूर्वीच करावी.

ट्युनिंग इंजिन पूर्ण तापल्यावर आणि चोक बंद असतानाच करावे. मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन सुमारे दीड फेरा बाहेर घ्यावा. स्लोच्या स्क्रूने इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास आणावे. मग मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सर्वात वेगाने आणि एकसारखे चालेल ती जागा शोधावी. वेग वाढला की स्लो पुन्हा खाली आणावा. हे दोन स्क्रू दोन-तीनदा आळीपाळीने जुळवावे लागतात. मात्र मिक्स्चर स्क्रू स्लोपुरताच. धावत्या गाडीचे मिश्रण मुख्य जेट ठरवतो.

या मिश्रणाची परीक्षा प्लगवर होते. लांब फेरीनंतर प्लगचे टोक फिकट तपकिरी दिसले, तर मिश्रण बरोबर. कोरडी काळी काजळी जादा पेट्रोलची खूण. पांढरे पडलेले टोक अधिक गंभीर, कारण कमी पेट्रोलवर इंजिन तापते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये हा धोका वाढतो. त्याला पूर्ण ज्वलनासाठी हवा कमी, म्हणजे साधारण साडेतेरा किलो लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ होते. प्लग पांढरा दिसल्यास मुख्य जेट एका क्रमांकाने वाढवून पाहावा. इथेनॉलने जुने रबर फुगते किंवा तडकते, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदाही त्याच वेळी बदलून घ्यावा.